सातवी चिंधी

लोणखेडा, २२ फेब्रुवारी २०२६

पवन,

फोन लावून उपयोग नाही म्हणून लिहिते आहे. जसोदाबाई सांगत होत्या की फोन कानाला लावला की तू तो लगेच दूर करतोस आणि डोकं धरून बसतोस. शिवाय मणिबेलीत कुठल्या टेकडीवर चढलं की रेंज मिळते हे मला अजून पाठ आहे, आणि बहिणीशी बोलायला तू ती टेकडी चढणार नाहीस हेही. जसोदाबाईंचं माहेर लोणखेड्याचं निघालं हे माझं नशीब. बोटीवरच्या दवाखान्यातली नर्स दर शनिवारी माझ्या गल्लीत येते आणि रविवारी परत तुमच्या काठाला जाते. असा पोस्टमन मागून मिळाला नसता.

सरळ विचारते. काम सोडून, कुणाला न सांगता निघून आलास ते का? सहा महिने शिकून पाणबुड्या झालास. मी उमाकांत सरांकडे शब्द टाकला होता. कॉलेजात त्यांनी मला फिजिक्स शिकवलं, कंपनीत त्यांनीच नेलं, आणि त्यांच्यासमोर कधी काही मागितलं असेल तर ते तुझं काम. आता ते विचारतात, "तुझा भाऊ कुठे गेला?" मी काय सांगू?

कंपनीच्या कागदात लिहिलंय की दोन फेब्रुवारीला दुसरा खांब ठोकला जात असताना तू तळाशी केबलची जागा साफ करत होतास, आणि अचानक घाईने वर आलास. घाईने वर आल्यामुळे कानाला इजा झाली. मी तिथे नव्हते, इथे खोलीत बसून पहिल्या खांबाचा अहवाल लिहीत होते. तेव्हा मी त्यावर काय बोलणार?

पण आवाजामुळे झालं असं तू जे सगळ्यांना सांगतो आहेस ते बंद कर. पवनचक्कीचा खांब समुद्राच्या तळात ठोकताना पाण्यात किती आवाज होईल याचा अंदाज सरांनी आधी काढला होता. दीड किलोमीटरच्या पुढे पाणबुड्याला धोका नाही, असा तो अंदाज. तो खरा की खोटा हे बघायलाच मला नेमलंय. एकोणीस जानेवारीला पहिल्या खांबाच्या वेळी दीड किलोमीटरवर बोट उभी करून पाण्यातला माईक मी सोडला. तूही होतास बोटीवर. अंदाज आणि मोजणी यांत एका डेसिबलचासुद्धा फरक नाही आला. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आणि दोन फेब्रुवारीला तू दीड किलोमीटरवरच होतास. म्हणजे आवाजाचा संबंध नाही.

सतरा मार्चला तिसरा खांब आहे. तुझा सोबती रामसिंग अजून तिथेच आहे, तुझ्या जागी तोच उतरणार आहे. तो नाही पळाला.

नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे जा. बा घेऊन येत नसतील तर मी येते. उत्तर लिही. दहावीपर्यंतची वर्षं आश्रमशाळेत काढलीस, चार ओळी लिहिता येतात तुला.

ताई


लोणखेडा, १ मार्च

पवन,

पत्र फोडलंच नाहीस म्हणे. हातात घेतलंस, उलटसुलट केलंस आणि छपराच्या वाशात खोचून ठेवलंस. जसोदाबाई खोटं सांगणार नाहीत. बरं, हेही खोच. वाशाला जागा पुष्कळ आहे.

होळी उद्यावर आली आणि तू यंदा घुंगरू बांधणार नाहीस असं कळलं. मोठा ढोल वाजला की तुला भोवंड येते आणि भिंत धरावी लागते, असंही कळलं. जसोदाबाई हे सांगत होत्या तेव्हा मी चहा गाळत होते. सगळा चहा कपाबाहेर सांडला. माझा तुझ्यावरचा राग संपलेला नाही, पण हे ऐकून मला फार वाईट वाटलं, ते आधी सांगते.

बा यंदाही दगड सोडायला जाणार का? म्हणजे विचारण्यात अर्थ नाही, जाणारच. होळी झाली की नाव घेऊन धरणात बुडालेल्या जुन्या घराच्या बरोबर वर जायचं, पाण्यात थोडी मोहाची धार धरायची आणि दोराला बांधलेला तो पाट्याचा अर्धा तुकडा खाली सोडायचा. आपल्या याहाच्या, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, पसरलेल्या दोन हातांच्या एकेका वावेवर एक. दगड टेकला की पाण्याला लागलेली चिंधी बघायची आणि मोठ्याने सांगायचं, यंदा घरावर इतक्या वावा पाणी. मला ते गाव आठवत नाही, तुझा तर जन्मही नव्हता. तरी त्या घराच्या डोक्यावर किती पाणी आहे हे आपल्या दोघांना दरवर्षी माहीत असायचं. बांच्या हातातून दोर कसा सरळ खाली जायचा. ओळंब्यासारखा.

बोटीवर मला तेच आठवलं होतं. माईक किती खोल आहे हे दाखवणारं यंत्र मुंबईहून यायचं होतं, आलं नव्हतं. सगळे तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, यंत्र कशाला हवं? दोर आणला, दोन्ही हात पसरून वावा मोजल्या, चिंध्या बांधल्या, खाली लोखंडाचं वजन लावलं. चोवीस मीटर पाणी होतं. मधोमध माईक हवा, म्हणजे बारा मीटर, म्हणजे सात वावा. सातवी चिंधी पाण्याला टेकली की थांबायचं. साहेब लोक खूश झाले. अहवालात मी ऐटीत लिहिलं, "खोली : बारा मीटर."

इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवला होता. तासभर गेला. कमलबाई येऊन दारात उभी राहिली. घरमालकीण असली तरी माझ्या जेवणाची चिंता तिला माझ्यापेक्षा जास्त. "काय वं पोरी, दिनभर कानमा बोंडं घालीसन काय आयकी ऱ्हायनी? जेवनी का नही?" मी त्या दिवशीचा आवाज परत ऐकत बसले होते. मी म्हटलं, काही नाही, जुनं काम आहे.

खरंच काही नाही. तू डॉक्टरकडे जा.

ताई


लोणखेडा, ८ मार्च

पवन,

तुला एक फोटो आठवतो का? एकोणीस जानेवारीचा, बोटीवरचा. मी पुढे उभी आहे, डोक्यावर हेल्मेट, दात काढून हसते आहे. तू मागे आहेस. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, तू एकटा बाजूला बघतो आहेस. तो फोटो मी भिंतीला लावला होता. रोज बघत होते आणि तुझ्यावर चिडत होते, की फोटोलासुद्धा हा नीट उभा राहत नाही.

गेल्या सोमवारी मी पहिल्यांदा बघितलं की तू कशाकडे बघत होतास. दोराकडे.

दोर तिरपा आहे. थोडा नाही, चांगलाच तिरपा. बोटीपासून निघून पार मागे, वाहत्या पाण्याबरोबर गेलाय. मी कोनमापक ठेवून मोजलं. उभ्या रेषेपासून सत्तर अंश. सातवी चिंधी पाण्याला टेकलेली आहे, सगळं नियमानुसार आहे, आणि खाली माईक बारा मीटरवर नाहीच. फार तर चार मीटरवर असेल. पाण्याखाली दोर आणखी वाकला असेल तर त्याहूनही वर.

आपल्या धरणाच्या पाण्यात दोर सोडला की सरळ जातो, कारण ते पाणी जागचं हलत नाही. मी त्या पाण्यावर शिकले. खंबातच्या बाजूचं पाणी नदीच्या पुरासारखं धावतं, दिवसातून चार वेळा, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातांना माहीत नव्हतं. एखाद्या कोळ्याच्या पोरीने ही चूक केली नसती. मणिबेलीच्या पोरीने केली.

आणि पृष्ठभागाजवळ आवाज कमी भरतो. वर हवेला धडकून तो उलटा फिरतो आणि स्वतःलाच मारतो. खाली, जिथे पाणबुडे असतात, तिथे तो पुरा असतो. मी तीन दिवस गणित केलं. खरा आवाज सात डेसिबलने जास्त निघतो. दर सहा डेसिबलला दाब दुप्पट होतो, हे तुला मीच शिकवलं होतं. सरांचा अंदाज चुकला होता. त्यांनी तळाशी नुसता मऊ गाळ धरला, त्याखाली कठीण थर आहे. माझी मोजणीही तेवढीच चुकली. दोन चुका एकमेकींना जुळल्या आणि आम्ही पेढे वाटले.

गुरुवारी सरांना फोन केला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "जागृती, फोटोवरून कोन मोजून अहवाल बदलत नाहीत. समुद्रात पाच-सात डेसिबल इकडेतिकडे होतात. सतरा तारखेचं काम होऊ दे, या वेळी यंत्र आलंय, नीट मोजू. फरक आला तर पुढच्या अहवालात सुधारणा टाकू." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

सतरा तारखेचं काम होऊ दे म्हणजे काय? म्हणजे सतरा तारखेला रामसिंग दीड किलोमीटरवर तळाशी असणार. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थोडा वेळ थांबतं तेव्हाच पाणबुड्यांना उतरवतात. आणि हातोडा पाण्यासाठी थांबत नाही.

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. दोन फेब्रुवारीला कानात झालं ते नक्की किती वाजता? तेव्हा पाणी वाहत होतं की थांबलं होतं? घाईने वर आल्यामुळे झालं, की आधी झालं आणि म्हणून वर आलास? तेवढंच लिही. तुझ्या हातचा कागद असला तर नुसता फोटोचा कोन म्हणून कुणी उडवून लावणार नाही. पुढच्या शनिवारी, चौदा तारखेला, जसोदाबाई येतील. त्यानंतर माझ्याकडे दोन दिवस राहतात.

पाकीट जसोदाबाई तुझ्यासमोर फोडतील आणि वाचायला लावतील. मी त्यांना शपथ घातली आहे.

अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

ताई


लोणखेडा, १४ मार्च, सकाळ

पवन,

जसोदाबाई आल्या नाहीत. काल बोटीचं इंजिन बंद पडलं म्हणे, आज निघतील किंवा उद्या. मी सकाळपासून तीन वेळा एस.टी. स्टँडवर जाऊन आले. कमलबाई म्हणते, "कोनी वाट पाही ऱ्हायनी? पाव्हना येवाव शे का?" तिला वाटतंय माझं लग्न ठरतंय.

वाट बघताना मला माझीच लबाडी कळली. तुझा कागद आला तर अहवाल पाठवीन, असं मी ठरवलं होतं. नाही आला तर? तर मग मी काय करणार, भावाने साथ दिली नाही, असं म्हणायला मोकळी. मला तुझ्या कागदाची गरज नव्हती, पवन. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून पुरावा आहे. तो मी खोडला आहे.

एकोणीस जानेवारीला साडेतीन तास नोंद झाली. त्यातली वीस मिनिटं अशी आहेत की आवाज एकदम सात डेसिबलने वर जातो आणि परत खाली येतो. हातोडा तोच, ठोका तोच. मला वाटलं, वायर हलली असेल. नाही, हेही खरं नाही. मला वाटलं की ही वीस मिनिटं ठेवली तर आकडा जुळणार नाही, आणि आकडा जुळावा असं मला फार वाटत होतं. सर शेजारी उभे होते. मी ती वीस मिनिटं बाजूला काढली आणि लिहिलं, "उपकरणातील बिघाड." त्या वीस मिनिटांत पाणी थांबलं होतं, दोर सरळ झाला होता आणि माईक बारा मीटरवर गेला होता. साडेतीन तासांत तेवढीच मोजणी खरी होती.

आणि आता ती दुसरी गोष्ट. ती तुला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुला माहीत नसेल.

दोर सोडला तेव्हा तू माझ्या मागे येऊन हळूच, आपल्या भाषेत, म्हणालास, "ताई, दोर खाली जात नाही, पळतोय. वजन वाढव." बोटीवर मुंबईचे दोन साहेब होते, सर होते. एकाने विचारलं, "ये क्या बोल रहा है?" आणि मी म्हटलं, "पता नहीं, सर." मग तुझ्याकडे वळून हिंदीत म्हटलं, "अपना काम करो."

पता नहीं. ज्या भाषेत मी पहिला शब्द बोलले ती मला माहीत नाही. तुझा चेहरा मी बघितला नाही, मुद्दाम बघितला नाही. तू जाऊन दोराजवळ उभा राहिलास. मग तो फोटो काढला.

पंधरा दिवसांनी त्याच आकड्यावर विसंबून तुला तळाशी उतरवलं. आणि तू घाईने वर आलास असं लिहिलेला कागद माझ्यासमोर आला, तेव्हाही मी मूग गिळून बसले. उलट तुलाच पत्र लिहून झाडलं. मला माझी लाज वाटते, पवन. ही लाज मी महिनाभर तुझ्यावरच्या रागाखाली दाबून ठेवली होती.

अकरा वाजले आहेत. अहवाल लिहून झाला आहे. सरांकडे पाठवला तर सतरा तारखेनंतरच उघडला जाईल, म्हणून तो थेट जहाजावरच्या पाणबुड्यांच्या मुख्य अधिकाऱ्याला पाठवते आहे, आणि सरांना त्याच वेळी प्रत. असं वरच्याला डावलून पाठवणं आमच्याकडे चालत नाही. पाठवते.


१४ मार्च, दुपार

पाठवला. अधिकाऱ्याचं नाव लिहिताना दोनदा चुकलं. उत्तर कुणाचंच नाही.


लोणखेडा, १५ मार्च

पवन,

जसोदाबाई आज दुपारी आल्या. धुळीने माखलेल्या. पिशवीतून औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढून हातात दिला आणि म्हणाल्या, "त्याने दोनदा वाचलं पत्र. मग नावेत जाऊन बसला. संध्याकाळी हे दिलं."

ना खुशाली, ना सही. दोन ओळी.

"१०.४०. पाणी थांबलं होतं. आधी कान गेला मग वर आलो.
रामसिंगला उतरवू नको."

मी तो कागद घेऊन मोरीत जाऊन रडले, कारण बाहेर कमलबाई आणि जसोदाबाई दोघी होत्या. नंतर दोन फेब्रुवारीचं भरतीचं कोष्टक काढलं. पाणी थांबायची वेळ, दहा पस्तीस ते दहा पंचावन्न. तुझ्या कागदाचा फोटो काढून कालच्या अहवालाला जोडला आणि परत पाठवला.

जहाजावरून अजून उत्तर नाही. सरांचे चार मिस्ड कॉल आहेत. एकदा उचलला. ते एवढंच म्हणाले, "तू मला एक दिवस द्यायला हवा होतास." मी म्हटलं, सर, तुम्हाला पाच तारखेच्या गुरुवारपासून नऊ दिवस दिले. पहिल्यांदाच त्यांना असं उलट बोलले. मग फोन ठेवला.

रामसिंगचा फोन लागत नाही. जहाजावर गेलेत सगळे. अहवाल कुणी उघडलाच नाही तर? रविवार आहे. मोठ्या माणसांचा रविवार असतो. मला काही सुचत नाही. परवा सकाळी दहा वाजता हातोडा सुरू होणार, आणि पाणी सव्वाअकराला थांबणार.

ताई


लोणखेडा, १७ मार्च

हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय ते झालेलं असेल. तरी लिहिते, कारण हातांना दुसरं काम नाही.

दहा वाजले. हातोडा सुरू झाला असेल. जहाजाच्या ऑफिसात फोन केला तर मुलगी म्हणाली, "साहेब कामात आहेत." अहवाल मिळाला का विचारलं तर म्हणाली, सांगता येणार नाही.

साडेदहा. कमलबाईने ताट वाढून आणलं आणि समोरच बसली. मी तिला सगळं सांगितलं. माईक, दोर, तू, रामसिंग. तिला किती कळलं देव जाणे. म्हणाली, "आते जे व्हई ते व्हई. तू सांगं ना? मंग दोन घास खाय." दोन घास खाल्ले. भाकरीची चव लागली नाही.

अकरा. सव्वाअकरा. पाणी थांबलं असेल. तू त्या वेळी काय ऐकलंस ते मी कधी विचारलंच नाही. फक्त किती वाजता ते विचारलं. मोजणारी माणसं अशीच असतात का, की मीच अशी?

पावणेबारा.

बारा वीसला रामसिंगचा फोन आला. मला वाटलं कुणी दुसराच बोलतोय, त्याचा आवाज घाबरलेला होता. म्हणाला, "दीदी, आमचं काय चुकलं? सकाळपासून डेकवर बसवून ठेवलंय. पाणबुड्यांनी कुणी उतरायचं नाही म्हणून लिहून लावलंय. काम गेलं का आमचं?" मी विचारलं, तू पाण्यात नव्हतास? "नाही ना! तेच तर सांगतोय." मी हसत होते आणि तो वैतागत होता. मी म्हटलं, बाबा, बस तसाच डेकवर, ऊन खात बस.

पवन, तो डेकवर होता.


लोणखेडा, १९ मार्च

पवन,

आज पाडवा. कमलबाईने गुढी उभारली आणि मला साखरेची गाठी दिली. ती तुझ्यासाठी ठेवली आहे.

सतरा तारखेची मोजणी आली. या वेळी खोलीचं यंत्र होतं आणि वजन चौपट. अंदाजापेक्षा साडेसात डेसिबल जास्त. काम थांबवलं आहे. अंदाज परत काढणार, आणि पाणबुड्यांसाठी दीडऐवजी किती किलोमीटर ते नव्याने ठरणार. तुझ्याबद्दलच्या कंपनीच्या कागदातलं "घाईने वर आल्यामुळे" हे वाक्य काढावं, असं मी लेखी मागितलं आहे. ते काढेपर्यंत मी मागत राहणार.

मला सध्या घरी बसायला सांगितलंय. सध्या म्हणजे किती दिवस ते सांगितलं नाही. मला वाटतं, कायमचं. खरी नोंद खोडली होती मी, आणि ते मीच लिहून दिलं, तेव्हा त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. वाईट वाटतं आहे. खोटं कशाला बोलू, फार वाटतं आहे. पण झोप लागते.

काल सर आले होते. ब्राह्मणपुरीहून, मोटारसायकलवर, त्यांच्या शेतातल्या चार पपया घेऊन. बसले, पाणी प्याले. कॉलेजात आणि ऑफिसात ते कायम पुस्तकी बोलतात. काल उठताना दारात घरच्यासारखं बोलले, "तुन्ही चूक तू लिखी दिन्ही, आते मन्ही माले लिखनी पडी." मी पाया पडले. त्यांनी लिहिली तर कळेलच.

अहवालाची एक प्रत या पत्राबरोबर ठेवली आहे. पान सहा बघ. अहवाल इंग्रजीत आहे, म्हणून खाली मराठीत लिहून देते : "दोर तिरपा जात असून वजन वाढवावे, असे पवन वाहरू वसावे यांनी मोजणी सुरू होतानाच भिली भाषेत स्पष्ट सांगितले होते. मोजणी करणाऱ्या व्यक्तीला ती भाषा येते. तिने ते ऐकले आणि मानले नाही." मुंबईच्या साहेबांनी त्या दिवशी विचारलं होतं ना, हा काय म्हणतोय? त्यांना उत्तर मिळालं.

शनिवारी जसोदाबाई येतील. रविवारी त्यांच्याबरोबर मीच येते आहे, म्हणून हे पत्र मीच आणीन आणि तुझ्या हातात देईन. वाशात खोचायचं असेल तर माझ्यासमोर खोच. बांना सांग, दगड सोडायला गेले नसतील तर थांबा. दोर मी धरीन, चिंधी तू वाच.

जसोदाबाईंना विचारून ठेवलंय तुझा कुठला कान चांगला आहे ते. उजवा म्हणाल्या. नावेत मी तुझ्या उजव्या हाताला बसेन. आणि आपल्या भाषेत बोलेन, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ताई